पहिली लांब पल्ल्याची डोंगरी सायकल स्पर्धा: बीडकडच्या रस्त्यांवर तयारी कशी करावी

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी ६८व्या किलोमीटरला थांबलो. सह्याद्रीतली शंभर किलोमीटरची वाट होती, बारा तासांची मुदत होती आणि पाय अजून शाबूत होते. पण उजव्या हाताची करंगळी दोन तासांपासून बधिर झाली होती, पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता आणि मागच्या ब्रेकचा पॅड झिजून पत्रा डिस्कवर घासत होता. पुढचा उतार त्या ब्रेकवर उतरणं म्हणजे जिवाशी खेळ होता, म्हणून नंबर काढून दिला.

त्या दिवशी जे समजलं तेच इथे सांगतोय. डोंगरी स्पर्धेत पाय सगळ्यात शेवटी दमतात. त्याआधी हात, बसायची जागा, पोट आणि सायकल दगा देतात. आपल्याकडचे बहुतेक नवखे सोलापूर-धुळे हायवेवर किलोमीटर मोजत पाय तयार करतात आणि बाकी चार गोष्टी तशाच राहतात. बीड, अंबाजोगाई, जालना, धाराशिव, कुठूनही पहिल्यांदा जाणार असाल तर खालच्या क्रमाने चला.

१. पैसे भरण्याआधी स्पर्धा नीट वाचा

‘१०० किलोमीटर’ एवढ्यावरून काही ठरत नाही. चार गोष्टी बघा: एकूण चढ किती मीटर, कच्चा रस्ता किती, मुदत किती आणि वाटेत पाणी-जेवण मिळतं का. शंभर किलोमीटरला बारा तास म्हणजे ताशी साधारण सव्वाआठ किलोमीटर. ऐकायला सोपं वाटतं. पण दगडी चढावर वेग चार-पाचवर येतो, कुठे उतरून ढकलावं लागतं, त्यात पाणी भरायला आणि पंक्चरला वेळ जातो. अनेक स्पर्धांत मधल्या ठिकाणांनाही वेगळी मुदत असते. ती हुकली की तिथेच थांबवतात.

प्रकारही वेगवेगळे असतात. अमेरिकेतली लेडविल एका दिवसाची, शंभर मैलांची आणि बारा तासांची. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक आठ दिवसांची, दोघांच्या जोडीने करायची. काही स्पर्धांत छोट्या फेऱ्यावर १२ किंवा २४ तास फिरायचं असतं. पहिल्यांदा जाताना एका दिवसाचीच घ्या. फेऱ्यांची मिळाली तर उत्तम, कारण दर फेरीला आपल्या सामानापाशी परत येता येतं.

त्याआधी एक २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब राइड, करून बघा असं मी आग्रहाने सांगतो. ती डांबरी रस्त्यावर असते, मुदत १३ तास ३० मिनिटं असते आणि एमटीबी म्हणजे डोंगरी सायकलही चालते. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोहोचलात की झालं. दिवसभर सायकलवर बसल्यावर आपलं शरीर काय काय बोलतं ते तिथे कळतं.

२. सायकल आहे तीच, पण उघडून बघा

नवी सायकल घ्यायची घाई करू नका. पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि चढाला पुरेल असा हलका गिअर असलेली साधी हार्डटेल (मागे शॉकअप नसलेली सायकल) पहिल्या स्पर्धेला पुरते. हलका गिअर म्हणजे पुढचं चक्र मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राहून लहान किंवा त्याच्या बरोबरीचं असावं. पुढे ३२ आणि मागे ५१ दात असतील तर छानच. जुन्या तीन चक्रांच्या सायकलीत पुढे २४ आणि मागे ३४ असेल तरी काम होतं.

स्पर्धेच्या दोन महिने आधी या गोष्टी बघून घ्या:

- चेन. मापपट्टी साधारण पाचशे रुपयांच्या आत मिळते. ०.७५ चं माप आत गेलं की चेन संपली. तशीच चालवलीत तर कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संचही खराब होतो.
- ब्रेक पॅड. पॅड बाहेर काढून बघा, वरून अंदाज करू नका. एक जादा जोड बरोबर ठेवा.
- ब्रेकचं तेल. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबर फुगून ब्रेक जातो. लिव्हरवर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच मिस्त्रीला द्या.
- डिरेलर हँगर. मागचा गिअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला लटकतो तो हँगर. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि जिल्ह्याच्या दुकानात मिळेल याची खात्री नसते. आजच मागवा.

सायकल मोटारींच्या वॉशिंग सेंटरवर धुऊ नका. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली, जुना ब्रश आणि फडकं पुरे. आपल्याकडच्या धुळीत चेनला भरमसाट तेल घातलं की त्याची काळी पेस्ट होते. कडीकडीला एकेक थेंब द्या आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढा. डिस्कला मात्र तेलाचा हातही लागू देऊ नका.

३. सीट आणि हँडल अंगाला बसवून घ्या

याला एक संध्याकाळ द्या, पुढचे चार महिने सुखाचे जातील. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पेडलवर नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा वाक राहतो. गुडघ्याची वाटी पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते. गुडघा मागून ओढत असेल तर सीट वर असते. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळव्याच्या कडेची नस हँडलवर दबते. माझं नेमकं हेच झालं होतं. यावर चार उपाय: तळव्याला आधार देणाऱ्या रुंद मुठी लावा, ब्रेकचे लिव्हर मनगट सरळ राहील इतके खाली फिरवा, सीटचं टोक पुढे झुकलेलं नको आणि दर पंधरा मिनिटांनी हाताची पकड बदला.

सायकलिंगची पॅडची चड्डी आत काहीही न घालता घालायची असते. अनेकांना हे कुणी सांगतच नाही, मग आतल्या कपड्याची शिवण घासून घासून जखम होते. चार तासांवरच्या राइडला पॅडला क्रीम लावा, घरी आल्या आल्या चड्डी बदला आणि अंघोळ करा.

४. सोळा आठवडे, आणि मोजायचे ते तास

आपल्याकडे सरावाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मी खंडेनवमीला सायकल पुजतो आणि दसऱ्यापासून सराव सुरू करतो. तिथून सोळा आठवडे धरले की जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत होणाऱ्या स्पर्धेला शरीर तयार असतं. सुरुवात करताना ४० किलोमीटर विनासायास जमत असले पाहिजेत. जमत नसतील तर आधी दोन महिने तेवढंच करा.

किलोमीटर मोजू नका, तास मोजा. पाणंदीच्या रस्त्यावरचे ५० किलोमीटर हायवेच्या शंभराएवढे थकवतात.

आठवडा असा ठेवा: मंगळवारी चढ, गुरुवारी दीड तास एका लयीत, शनिवारी हलकी सायकल, रविवारी लांब राइड. बाकीचे दिवस विश्रांती, आणि त्यातले दोन दिवस वीस मिनिटं पोट-पाठीचे व्यायाम. सुरुवातीला आठवड्याचे पाच-सहा तास होतात, अकराव्या आठवड्यात दहा-अकरा. तीन आठवडे वाढवा आणि चौथ्या आठवड्यात निम्म्यावर या. तो हलका आठवडा चुकवू नका. शरीर बळकट होतं ते विश्रांतीतच.

रविवारची राइड शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने करा. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. हे पाळायला फार जड जातं, विशेषतः बरोबर चार तरुण पोरं असतील तेव्हा. सगळ्यात लांब राइड सात-आठ तासांची, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. शेवटचे दोन आठवडे तास निम्मे करा, पण थोडे चढ चालू ठेवा. या काळात भीतीपोटी मोठी राइड करणारे पुष्कळ असतात. तेव्हा केलेल्या कष्टाचा फायदा स्पर्धेपर्यंत पोहोचत नाही, थकवा मात्र पोहोचतो.

वयाची चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर पहिल्या आठवड्याच्या आधी डॉक्टरांना भेटा आणि त्यांनी सांगितलेल्या तपासण्या करून घ्या.

५. डोंगर आपल्या दारात आहे

‘मराठवाड्यात कुठला चढ?’ असं पुणेकर विचारतात, आणि आपलीही पोरं तेच बोलतात. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट आहे आणि कपिलधारला उतरणारा रस्ता आहे. त्यापलीकडे पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्य आणि सौताडा आहे. अंबाजोगाईला बुट्टेनाथाचा परिसर आहे. धाराशिवकरांना येडशीचं रामलिंग आणि तुळजापूरचा घाट. संभाजीनगरवाल्यांना दौलताबादचा घाट, खुलदाबाद, सुलीभंजन आणि वर म्हैसमाळ. दौलताबाद-खुलदाबाद-म्हैसमाळ हा चढ तर स्पर्धेच्या तयारीसाठीच घडवल्यासारखा आहे.

आपले घाट छोटे आहेत, हे खरं. म्हणून तोच घाट पुन्हा पुन्हा चढायचा. मोबाइलच्या ॲपवर एका चढाला किती मीटर उंची मिळते ते बघा. स्पर्धेत २,००० मीटर चढ असेल तर शेवटच्या महिन्यातल्या एका रविवारी त्यातले निदान १,२०० मीटर झाले पाहिजेत. हायवेच्या घाटात मात्र कडेने, उजेड पडल्यावर आणि एका रांगेत चला. जमेल तिथे जुना किंवा कच्चा रस्ता धरा.

उताराचा सराव वेगळा करा. कंबर सीटच्या मागे, गुडघे सैल, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, नजर चाकाच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर, ब्रेकवर एकेकच बोट. आपल्या बालाघाटच्या डोंगरातले सुटे मुरमाड दगड यासाठी उत्तम गुरू आहेत. सायकल ढकलत चढायचाही सराव हवा. महिन्यातून दोनदा अर्धा तास सायकल घेऊन डोंगर चढा, म्हणजे बूट कुठे चावतो ते स्पर्धेआधीच कळेल.

साखर कारखाने सुरू असतात तेव्हा संध्याकाळी सहानंतर उसाच्या रस्त्यांवर जाऊ नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अनेकदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. पहाटे निघायचंच असेल तर मागे लाल दिवा लुकलुकता ठेवा आणि अंगात चमकणारं जाकीट घाला. वस्तीवरची कुत्री मागे लागली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, आवाज द्या आणि चालत पुढे जा.

६. काटे आणि काळी माती

यावर जरा जास्त लिहितो, कारण बाहेरच्या कुठल्याही सल्ल्यात हे सापडत नाही.

बाभळीचा काटा टायरातून आरपार जातो, आणि सराटा पाच-सहा ठिकाणी एकदम टोचतो. ट्यूब बदलून निघालात आणि दोनशे मीटरवर पुन्हा हवा गेली, तर टोक टायरातच राहिलेलं असतं. बोट फिरवून ते सापडत नाही आणि सापडलंच तर बोटात घुसतं. त्यासाठी कापसाचा छोटा बोळा घ्या आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवत न्या. जिथे काटा आहे तिथे कापसाची तार अडकते. चिमट्याने किंवा नखाने टोक बाहेर ढकला, मग पुन्हा एक फेरी मारा. कापूस आपल्याकडे कमी नाही. एक बोळा टूलकिटमध्ये कायम असू द्या.

रिम आणि टायर ट्यूबलेसचे असतील तर ट्यूबलेसच करा. २९ इंची टायरला साधारण १०० मिली सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रव) लागतं. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दर दोन महिन्यांनी बघा आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी ताजं घाला. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब बरोबर हवीच. हवा जास्त भरू नका. सव्वादोन इंची टायरला वजनानुसार २२ ते २८ पीएसआय, ट्यूब असेल तर ३० च्या आसपास. दगडावर पकड मिळते आणि हातांना हादरे कमी बसतात.

आणि काळी माती. दोन वर्षांपूर्वी अवकाळी सरीनंतर तासाभरात मी पाटोद्याकडच्या एका पाणंदीत शिरलो. पहिल्या पन्नास मीटरमध्ये टायर दुप्पट जाड झालं, पुढच्या वीस मीटरमध्ये माती शॉकअपच्या कमानीत गच्च बसून चाक फिरायचंच थांबलं. मी जोर लावला. माती आणि तुराट्या मागच्या गिअरमध्ये गुंतल्या आणि ‘कट्’ असा आवाज होऊन हँगर मोडला. जादा हँगर घरी कपाटात होता. सात किलोमीटर सायकल ढकलत चाललो. वाटेत एका वस्तीवरच्या आजींनी बसवून घेतलं, पाणी दिलं, भाकरी आणि ठेचा दिला आणि विळ्याच्या पाठीने चाकाची माती खरवडायला त्यांच्या नातवाला बसवलं.

तेव्हापासून नियम एकच: काळी माती ओली असेल तर सायकल खांद्यावर, नाहीतर मागे फिरायचं. चाक जड लागताच थांबा, काडीने माती काढा आणि गिअरवर जोर अजिबात देऊ नका. मुरमाड किंवा गवताची कड मिळाली तर तिच्यावरून चला. सह्याद्रीची लाल माती इतकी चिकटत नाही, पण ही सवय तिथेही कामी येते.

७. पोटाचाही सराव लागतो

दोन तासांच्या वरच्या प्रत्येक राइडमध्ये खा, भूक लागायची वाट बघू नका. नवख्याने तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गुळाच्या दोन खड्यांतूनही जवळपास तेवढीच. महागडी एनर्जी जेल घेतलीच पाहिजेत असं नाही. गोड दशम्या तर आपल्या आज्यांनी प्रवासासाठीच शोधल्या आहेत. दोन-तीन दिवस टिकतात, खिशात मोडत नाहीत. संक्रांतीनंतर गुळाची पोळी चार तुकडे करून न्या. शेंगदाण्याचा लाडू चांगलाच, पण त्यातलं तेल पचायला वेळ लागतो, म्हणून चढाच्या आधी नको, मोठ्या थांब्यावर खा. खारट काहीतरीही ठेवा. पाच तास गोड खाल्लं की जीभ नको म्हणते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात थोडं जास्त. राइडच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. नुसतं साधं पाणी भराभर प्यायलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. माझं पोट पहिल्या स्पर्धेत असंच गेलं होतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्या बाटलीत ओआरएस. मेडिकलमधून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट मागा. एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच टाका. घरी करायचं तर लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा.

दुखणं थांबवायला वाटेत पेनकिलर घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला त्रास देतात.

८. नावनोंदणी आणि कागदपत्रं

स्पर्धेच्या महिनाभर आधी हे सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात तयार ठेवा:

- आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. ते किती दिवसांच्या आतलं हवं हे नियमात असतं. फार लवकर काढलं तर चालत नाही.
- जबाबदारीचं संमतीपत्र, सहीसकट. सही करण्याआधी वाचा.
- रक्तगट आणि घरच्या दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. एक सायकलीच्या बॅगेत, एक अंगावर.
- आरोग्य विम्याचं कार्ड. तुमच्या पॉलिसीत स्पर्धेतली दुखापत धरतात का ते विचारून घ्या.
- सायकलीचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो
- पैसे भरल्याची पावती

पैसे परत मिळण्याची अटही वाचा. शेवटच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत.

९. बरोबर काय न्यायचं

हेल्मेट, हातमोजे, चष्मा. पुढचा दिवा निदान ४०० ल्युमेनचा, मागचा लाल दिवा. एक ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, पंप, ॲलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), हँगर, ब्रेक पॅड, चार झिप टाय, काळी टेप आणि कापसाचा बोळा. ट्यूबचा व्हॉल्व तुमच्या रिमच्या भोकात बसतो ना आणि पंपाला चालतो ना, हे घरीच बघा. शिट्टी, पातळ रेनकोट, पॉवर बँक, थोडे सुटे पैसे. वाटेचा नकाशा मोबाइलमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, डोंगरात रेंज नसते.

स्पर्धेच्या दिवशी काहीही नवं नको. बूट, चड्डी, सीट, खाणं, सगळं निदान तीन लांब राइडमध्ये वापरलेलं असावं.

१०. तिथवर पोहोचणं

सह्याद्रीतल्या स्पर्धेला चार-पाच जण मिळून पिकअप केली की परवडतं. चाकं काढून सायकल गोधडीत गुंडाळा आणि गिअरची बाजू वर ठेवा. डिस्क ब्रेकचं चाक काढल्यावर पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा खोचा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही.

हिमाचलकडे जायचं असेल तर नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत अंबाल्यापर्यंत नेते. सायकल स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बुक करावी लागते. तिकीट आणि ओळखपत्र घेऊन दोन-तीन तास आधी जा, सायकलीवर नाव, फोन आणि स्टेशन ठळक लिहा. पंप, दिवे, बॅग काढून स्वतःजवळ ठेवा. अडीच हजार मीटरच्या वर स्पर्धा असेल तर दोन-तीन दिवस आधी पोहोचा. आपण सहाशे मीटरवर राहणारी माणसं, विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो.

११. आदली रात्र आणि तो दिवस

आदल्या रात्री वरण-भात. धपाटे आणि ठेचा स्पर्धेनंतर. नऊला आडवे व्हा. झोप लागली नाही तरी घाबरू नका, त्याच्या आदल्या रात्रीची झोप जास्त महत्त्वाची असते. सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा उपमा खा.

सुटताना सगळे जोरात निघतात. तुम्ही निघू नका. पहिला तास नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने काढा. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावा: वाजला की दोन घास आणि दोन घोट. चढ उभा झाला की लाज न बाळगता उतरून चाला, सराव केलाय ना? थांब्यावर बसू नका. बाटल्या भरा, खिसे भरा, चेन पुसा, ब्रेक दाबून बघा आणि निघा. पाच मिनिटं पुरतात.

चक्कर आली, अंगावर काटा येऊन घाम थांबला किंवा छातीत जड वाटलं तर तिथेच थांबून स्वयंसेवकाला सांगा. पुढच्या वर्षी वाट तिथेच असते.

दुसऱ्या वर्षी मी तीच वाट ११ तास १० मिनिटांत पूर्ण केली. पोहोचल्यावर आधी अर्धा लिटर ओआरएस, मग दही-भात. संध्याकाळी अर्धा तास पायी फिरलो, आणि झोपण्याआधी सायकलीची चेन पुसून तेल दिलं, कारण सकाळपर्यंत चिखल वाळला की कड्या गंजायला लागतात.